कौलं उतरवल्यावर

रत्नागिरी,
९ मे २०२४

चि. सौ. मनस्विनीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघं मजेत असाल. पोफळीच्या कॉलनीत झाडं पुष्कळ, संध्याकाळी वारा सुटतो, असं सलिलभावोजी नेहमी सांगतात. तुमच्या आर्याची कॉलेजची परीक्षा संपली का? आमच्याकडे यंदा आंबा कमीच. आला तोही उन्हाने भाजून डागी निघाला. ह्यांनी त्यातले दोन डझन तुमच्यासाठी निवडून ठेवलेत. चिपळूणकडे जाणारं कोणी भेटलं की पाठवतील. आईंची तब्येत आता बरी आहे.

‘आता’ हा शब्द खोडणार होते, पण राहू दिला.

फोन का नाही केला, म्हणशील. फोनवर तू विचारतेस, “वहिनी, सगळं बरं ना?” आणि मी “हो” म्हणून मोकळी होते. कागदावर तसं पळता येत नाही.

एवढं छान कौलारू घर का मोडताय, असं तू मागे विचारलं होतंस. मी म्हटलं, माकडं कौलं फोडतात, दरवर्षी शाकारणार कोण? ते खोटं नव्हतं. पण खरं कारण तुमचं घर. तुमचा स्लॅब पडला, पुढच्या खोलीत एसी बसला, आणि कुंपणाच्या अलीकडून बघताना मला आमचं घर एकदम म्हातारं दिसायला लागलं. डिसेंबरात ह्यांच्या मागे लागून मी कौलं उतरवली, स्लॅब घालून घेतला. खडीच्या ट्रकला वाट हवी म्हणून पश्चिमेचा फणसही तोडायला लावला. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

मार्चमध्येच कळलं, काय करून बसलो ते. दुपारी तीननंतर घरात उभं राहवत नाही. पंखा गरम हवाच फिरवतो. झावळ्या पसरून झाल्या, गोणपाटं भिजवून झाली. पण नळाला पाणी एक दिवसाआड, ते प्यायचं की स्लॅबवर ओतायचं? दादू वायरमनला एसीचं विचारलं. तो म्हणाला, “काकी, ही वायर तुमच्या लग्नातली. एसी लावलात तर घरच पेटंल. आधी सगळी वायर बदला.” वायरिंगसाठी काही उरलंच नव्हतं.

आणि तुझ्या एसीचं बाहेरचं यंत्र नेमकं माझ्या स्वयंपाकघराकडे तोंड करून. गारवा तुमच्याकडे, त्याची वाफ माझ्या चुलीपाशी. हे मी कधी बोलले नाही, पण रोज भाकऱ्या भाजताना मनात म्हणत होते.

त्याहून जास्त काय सलत होतं, ते सांगते. जेवण झालं की आई काठी घेऊन तुझ्याकडे निघायच्या. एकतीस वर्षं त्या माझ्याकडे आहेत. त्यांची पेज, त्यांच्या गोळ्या, त्यांचं रुसणं, सगळं मी केलं. आणि आता दुपार झाली की त्यांचे डोळे तुझ्या दाराकडे. पूर्वी तुमच्या खिडकीतून बोलणं तरी ऐकू यायचं. एसी आल्यावर खिडक्या बंद. आत तुम्ही काय हसता, काय बोलता, मला कळेना. साडेपाचला आई परत यायच्या त्या टवटवीत होऊन. “मनस्विनीने आज पायांना तेल चोळलं हो,” म्हणायच्या. मी घामाने निथळत चहा ठेवायची.

रामनवमी होऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी त्या अशाच निघाल्या होत्या. मी म्हटलं, “आई, जरा थांबा. मनस्विनी म्हणत होती, दुपारभर एसी लावून बिल केवढं यायला लागलंय. तुम्हाला तोंडावर नाही सांगणार ती.”

तू असं कधीही म्हणाली नव्हतीस.

आई दारातच उभ्या राहिल्या. “असं म्हणाली?” एवढंच विचारलं. मग काठी कोपऱ्यात ठेवून खाटेवर जाऊन बसल्या. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. त्या दुपारी मी त्यांना वारा घालत बसले, आणि त्या माझ्या घरात आहेत, एवढाच आनंद मला पुरला.

दुसऱ्या दिवशी तू हाक मारलीस तेव्हा त्या म्हणाल्या, “नको गो, मला ती थंडी बाधते.” तू कोकमाचं सरबत घेऊन आलीस, त्यांनी पेल्याला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी तू मला विहिरीपाशी गाठलंस. “वहिनी, माझं काही चुकलं का?” तुझे डोळे भरले होते. मी म्हटलं, “म्हातारं माणूस. लहर असते एकेक.”

तू पोफळीला भावोजींकडे गेलीस ती त्याच आठवड्यात. जाताना किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, “आईंना फार उकडलं तर खुशाल खोली उघडा. एसी लावा.” ती किल्ली मी डब्यात टाकली. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही.

२९ तारखेला आई खाटेवरून उठताना कोसळल्या. अंग तापलेलं, जीभ कोरडी, मला ओळखेनात. “वैजूऽऽ,” अशी त्यांच्या बहिणीला हाक मारत होत्या. रिक्षात त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टर म्हणाले, उष्णतेने झालंय, अजून तासभर उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. दोन दिवस सलाईन होतं. तुम्हाला मी “जरा अशक्तपणा” एवढंच कळवलं. भावोजी लगेच निघायला तयार झाले, त्यांनाही मीच थांबवलं.

घरी आणलं त्या दिवशी हे म्हणाले, “सलिलच्या खोलीत निजवू तिला. किल्ली फोन करून मागवतो.” मग मला डबा उघडावाच लागला. पण आई उठेनात. म्हणाल्या, “ज्यांना माझं बिल जड झालं, त्यांच्या खोलीत मी जाणार नाही.” हे गोंधळले. “कोण म्हणालं असं?”

मी सांगितलं. ह्यांच्यासमोर, उभ्या उभ्या.

हे बाहेर निघून गेले.  आई म्हणाल्या, “वासंती, जाऊ नका, माझ्यापाशी बसा, असं म्हणाली असतीस तर मी बसले असते गो.”

एकतीस वर्षांत मला ते म्हणता आलं नाही. काम करता आलं, मागता आलं नाही.

नंतर त्यांनी सांगितलं, “तिला तू कळव. मी तिच्याबद्दल वाईट धरलं, त्याची मला लाज वाटते. तिने बोलावल्याशिवाय मी तिच्या दारात पाय ठेवायची नाही.” तेव्हापासून त्या पडवीत निजतात. हे शेजारी बसून असतात, माझ्याशी कामापुरतं बोलतात. ऊन काही कमी होत नाही.

म्हणून हे पत्र. क्षमा मागत नाही, ती इतक्या लवकर मागायची नसते. माझ्यावर राग धर, भावोजींनाही वाचून दाखव. फक्त पत्र मिळाल्याबरोबर आईंना फोन कर. माझ्या नाही, ह्यांच्या मोबाइलवर. “आई, खोलीत जा,” एवढं म्हण.

तुझा आवाज ऐकला की त्यांचा चेहरा कसा उजळेल, ते आत्ता लिहितानाही मला दिसतंय, आणि खरं सांगते, अजूनही मला ते सलतंय. तरी फोन कर.

‘तुझी’ लिहायचं की नाही, ते तू ठरव.

वासंती