श्रावणात दिवसा व्यालेली घोडी आणि माझी काळी बॅग

मी, डॉ. हिंदुराव बाबुराव खलाटे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, निवृत्त सरकारी पशुवैद्य, राहणार कोऱ्हाळे बुद्रुक, ता. बारामती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. कोणाचा दाब नाही, नशापाणी नाही. उजवा खांदा एका जर्सी गाईने निकामी केला आहे, त्यामुळे हात छातीच्या वर जात नाही. पण लिहिण्यासाठी तो वर न्यावा लागत नाही. डोके शाबूत आहे. सौ. प्रयागबाईंना याबद्दल शंका आहे, म्हणून त्यांची साक्ष घेतलेली नाही.

१. राहते घर प्रयागबाईंचे. चिरंजीव रणजितने त्यात एक खिळा ठोकायचा झाला तरी आईला विचारावे. माझी आरामखुर्चीही तिचीच; ती मला फक्त बसायला मिळत होती.

२. उसाची जमीन व कारखान्याचा शेअर रणजितला. तो लोणी देवकरला कंपनीत मशिनी दुरुस्त करतो आणि जनावराच्या वाऱ्याला उभा राहत नाही. लहानपणी एका रेड्याने त्याला उकिरड्यात लोळवला होता. त्याला बोल लावत नाही, रेड्याला लावतो.

३. आता मुद्द्याचे. गोठ्याशेजारचा दवाखाना, जीप आणि वासरे ओढायच्या दोरांसकट माझी काळी बॅग नात राजनंदिनी हिला. पोरगी जनावरांची डॉक्टर झाली, पण पंचक्रोशीत तिला कोणी म्हशीला हात लावू देत नाही. लोक दारात येतात, तिच्याकडे बघतात आणि विचारतात, "आबा न्हाईत का?" पुण्याच्या एका कुत्र्या-मांजरांच्या दवाखान्याने तिला बोलावले आहे, उत्तर उद्यापर्यंत द्यायचे आहे. ती गेली तर दवाखाना रणजितने भाड्याने द्यावा. तिने जाऊ नये असे मला फार वाटते. हे तिला तोंडाने सांगितलेले नाही, कारण मग ती माझ्यासाठी राहील.

४. डाळजचे माझे जुने मित्र रामहरी तात्या यांना काहीही नाही. भर लग्नाच्या पंगतीत यांनीच जाहीर केले, "पोरीच्या जातीला घोडं झेपत न्हाय, मांजरं बरी." ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून यांना मुद्दाम साक्षीदार केले आहे. त्यांची गाभण घोडी हरणी आठवडाभर माझ्याच गोठ्यात आहे. तिला बघायला ते आज आले आहेत, तेवढ्यात सही उरकून घेतो.

(इथवर लिहिले आणि गोठ्यातून तात्यांची बोंब आली. पुढचे जेवणानंतर.)

५. हे कलम सकाळी मनात नव्हते. हरणी अडली होती. शिंगराचा एकच पाय बाहेर, दुसरा आत मुडपलेला. घोडीला गाईसारखी उसंत नसते. वेळ गेला की शिंगरू हातचे गेलेच. तात्या माझा हात ओढू लागले, "डॉक्टर, तुमी या की म्होरं!"

"माझा खांदा चालत न्हाय, तात्या. हिचा चालतोय," मी राजनंदिनीला पुढे करत म्हणालो.

त्यांनी एकदा घोडीकडे पाहिले, एकदा पोरीकडे. मग बाजूला झाले. राजनंदिनीने बाही वर केली आणि म्हणाली, "तात्या, शेपूट धरा आन् तोंड मिटा." चाळीस वर्षांत हे मला जमले नव्हते. तिने शिंगरू आत लोटले, खूर तळव्यात झाकून पाय सरळ केला आणि कळेबरोबर ओढले. तांबूस शिंगरू गवतावर पडले, शिंकले. तात्या रडले. मीही.

डोळे पुसता पुसता तात्या एकदम थबकले. "आरं तिच्या! श्रावण हाय. आन् भर दिवसा!" श्रावणात दिवसा घोडी व्याली तर आपल्याकडे तो अपशकुन, घोडी शिंगरासकट देऊन टाकायची. मी त्यांना परोपरीने समजावले. ऐकतील तर ते तात्या कसले?

"मग माझ्या दारात ऱ्हाऊ द्या की," राजनंदिनी म्हणाली. "मला न्हाय बाधत श्रावण."

तात्यांनी तिथेच पाणी सोडले. सबब हरणी व शिंगरू राजनंदिनीचे, त्यावर माझ्या वारसांचा हक्क नाही. मघापासून तात्या शिंगरापुढून हलेनात. शेवटी त्यांनी राजनंदिनीला हळूच विचारले, "वरातीला तरी देशील न्हवं?"

६. तिसऱ्या कलमात दुरुस्ती. पुण्याला नकार कळवल्याचे राजनंदिनीने आत्ता सांगितले. "शिंगरू टाकून कुठं जाऊ, आबा?" म्हणाली. सबब भाड्याचे वाक्य रद्द.

वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे.

डॉ. हिंदुराव बाबुराव खलाटे (सही)

साक्षीदार:
(१) गोकुळ मास्तर, शेजारी, कोऱ्हाळे बुद्रुक (सही)
(२) रामहरी तात्या, डाळज (सही). माझी म्हैस दोन दिस झालं खात न्हाय. राजनंदिनी डॉक्टरांनी आजच यावं.

मृत्युपत्रात म्हैस लिहितात का, असे मी तात्यांना विचारले. खोडायला तयार नाहीत. राहू दे.

ठिकाण: कोऱ्हाळे बुद्रुक
दिनांक: १२ ऑगस्ट २०२५

ता. क. तिसऱ्या कलमातून काळी बॅग वगळावी. ती माझ्या मरणापर्यंत थांबली नाही. आत्ताच जीपमधून डाळजला गेली.
हिं. बा. खलाटे (सही)
साक्षीदार: गोकुळ मास्तर (सही). तात्यांची सही उद्या घेऊ, ते जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून गेले.