वाटीच्या बुडाशी पिन

३ जानेवारी २०१९, गुरुवार, सकाळी ९
काल माझं व्हॉट्सअ‍ॅप चोरीला गेलं, म्हणून ही वही. एका गोड आवाजाच्या मुलीने फोनवर म्हटलं, "दीदी, आपके मोबाइल पे छह अंक आए होंगे," आणि मी ते स्पष्ट उच्चारात वाचून दाखवले. कॉलेजात वक्तृत्वात पहिली होते. पाच मिनिटांत महिला मंडळाच्या बासष्ट जणींना माझ्या नावाने "हाय डियर" गेलं. अध्यक्ष गोदावरीबाईंनी उलट "हाय" पाठवलं. सोबत गुलाब.

खातं सुनेने, मीनलने, परत आणलं. गोदावरीबाई म्हणाल्या, "कलावतीबाई, संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत पाहू. पुन्हा गडबड झाली, तर ग्रुपचं अ‍ॅडमिनपद मले द्या." पाच वर्षं अ‍ॅडमिन आहे मी! माझ्या ग्रुपवर आठ वाजल्यानंतर कोणी गुड मॉर्निंग टाकून दाखवावं.

४ जानेवारी
संकल्प: रोज एक तास इंटरनेटवर सुरक्षेचा अभ्यास. मीनलला विचारायचं नाही. ती प्रत्येक उत्तराआधी "मम्मी, फिर से?" म्हणते. गुगल म्हणत नाही. लोक सगळं त्यालाच का विचारतात ते आज कळलं. त्याला भुवया नाहीत.

६ जानेवारी
"फायरवॉल" वाचलं. यांना समजवायला गेले. हे सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यातून रिटायर झालेले. म्हणाले, "मले काय सांगून राहिली? भट्टीच्या विटांत जिंदगी गेली माझी." मग विटांवर अर्धा तास. तो अभ्यासात धरला.

८ जानेवारी
व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावला. वाढदिवस नाही, लग्नाची तारीख नाही. लेख म्हणतो: कोणाला सांगू नका, कागदावर लिहू नका. इथेही लिहीत नाही. भाजी करपली, पण मन प्रसन्न.

९ जानेवारी
पिन विसरले. दुपारी आठवला. कागद नको, ठीक. स्टीलबद्दल लेख गप्प आहे.

११ जानेवारी, शुक्रवार
सदर बाजार. वाणासाठी बासष्ट वाट्या घेतल्या आणि मंडळाचं नाव घालायला दिल्या. जास्तीची एक माझी. तिच्यावर नाव आणि बुडाला पिन, समोर उभी राहून घालून घेतला. आकडे कशाचे ते पुढे विसरू नये म्हणून आधी "व्हॉट्सअ‍ॅप पिन" असंही. ती नमुना म्हणून दुकानातच ठेवली. चोर काय वाट्या उलट्या करत बसणार?

१२ जानेवारी
नाव घालणाऱ्याचा फोन. "दीदी, सब में इसी माफिक डाल दूँ?" मी तेव्हाच वाचत होते की फोनवर कोणालाही "हो" म्हणू नये, आवाज रेकॉर्ड करतात. मी सावध. "हो" म्हटलंच नाही. आमच्याकडचं "हव" म्हटलं.

१४ जानेवारी
वाट्या आल्या. पोतं पक्कं शिवलेलं. उघडलं नाही. सुरक्षा म्हणतात ती हीच. उद्या वाणाआधी "आपला पिन, आपली जबाबदारी" यावर दहा मिनिटं बोलणार आहे. मीनलने तोंडावर पदर धरला. ती ड्रेसवर होती, ओढणी असेल.

१५ जानेवारी, संध्याकाळी ६
भाषण उत्तम. टाळ्या. मग वाण. गोदावरीबाईंनी वाटी उलटी केली, चष्मा लावला आणि साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं वाचलं. बासष्ट वाट्या एकदम उलट्या झाल्या. विमला म्हणाली, "काहून वाचून राहिल्या हो, आमच्याकडे पण हाच आहे!" एवढं हसणं मंडळात कधी झालं नव्हतं. हे यश माझंच.

घरी आले तर व्हॉट्सअ‍ॅपने पिन विचारला. आठवेना. विमलाच्या पाहुणीला एक वाटी कमी पडली, तेव्हा माझी तिला गेली होती. गोदावरीबाईंना फोन केला. त्यांनी आकडे सावकाश सांगितले, आणि मग, "तर मग, कलावतीबाई?"

आज दिलेलं:
वाट्या, नग त्रेसष्ट. शिल्लक नाही.
पिन, सर्वांना.
अ‍ॅडमिनपद, गोदावरीबाईंना, ५ वाजून ४० मिनिटांनी.
फोन, मीनलला. ती "फिर से?" म्हणाली नाही. नुसती बसून हसली.