शेवंताबाईंच्या सात संगणकी पोशाखांची व्यवस्था

मी, शेवंताबाई हिलाल शिंपी, वय ६१, धंदा शिलाई, राहणार गल्ली नंबर चार, धुळे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करते. प्रकृती ठणठणीत आहे. पण माझ्यामागे माझ्या कामावर दुसऱ्याने नाव घालू नये, म्हणून आजच लिहिते.

१. राहते घर, पोस्टातली शिल्लक व शिलाई मशीन माझी एकुलती मुलगी कमलबाई, राहणार नरडाणा, हिला. मशीनचा पट्टा सैल आहे, बदलून घ्यावा.

२. यजमान गेल्यावर दीर अभिमन यांनी मला घरच्या शिलाईच्या दुकानातून काढले. "वहिनी, तुम्हाला झबल्यापलीकडे काही जमायचं नाही," असे ते चार गिऱ्हाइकांसमोर बोलले. त्यांना माझ्या हातचे एक झबले. नातवाला होईल.

३. संगणकावरचे माझे सात पोशाख. हे कलम सविस्तर लिहिणे भाग आहे.

गेल्या दिवाळीनंतर मी रतिलालभाऊंच्या संगणक क्लासात संगणकांच्या कापडी झाकणांची मापे घ्यायला गेले. ते खेळातल्या एका लढणाऱ्या बाईला खानदेशी लुगडे नेसवत होते. आधी सपाट चित्र रंगवायचे, मग संगणक ते तिच्या अंगावर गुंडाळतो. पण पदर गुडघ्यावर आणि डोळा कानावर येत होता. मी म्हटले, "भाऊ, कटिंग चुकेल शे. पाठना तुकडा पोटवर लायेल शे."

ते हसले. "मावशी, हे कापड नाही."

"आंगवर चढस ना? मंग कापडच शे."

त्यांनी माउस माझ्या हाती दिला. दोन दिवस रेघ सरळ येईना. आठव्या दिवशी ती बाई काठापदराच्या लुगड्यात उभी राहिली, आणि लाथ मारली तरी पदर ढळला नाही.

जानेवारीत जळगावच्या संगणक प्रदर्शनातल्या स्पर्धेत तो पोशाख माझ्या नावाने लागला. परीक्षक साहेब म्हणाले, "शिवणकाम करणाऱ्या बाईनं हे केलं? खरं वाटत नाही." रतिलालभाऊ तापले. मी त्यांना मागे सारले. "साहेब, असेच उभे राहा. तुमचाच पोशाख करते."

तासाभरात खेळातला गडी साहेबांचा राखाडी सफारी घालून, खिशाला दोन पेनं लावून, पोटावरच्या तुटलेल्या बटणासकट उड्या मारू लागला. मंडप दणाणला. साहेबांनी पोटावर हात ठेवला, मग हसत पहिले बक्षीस जाहीर केले. माइकवरून माझे नाव दोनदा घेतले. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता. त्यानंतर आणखी पाच पोशाख केले.

सबब सातही पोशाखांच्या फ्लॉप्या क्लासात ठेवाव्यात. मागेल त्याला नक्कल फुकट द्यावी. रंग बदला, काठ बदला. करणारीचे नाव मात्र काढू नये.

४. रतिलालभाऊ साक्षीदार असल्याने त्यांना काही ठेवता येत नाही. म्हणून आजच भरीत-पुरीचे जेवण घातले.

सोमवारपासून भडगावच्या सहा शिवणाऱ्या बाया हे काम शिकायला माझ्याकडे येत आहेत. मग मला मरायलाही सवड नाही. तरी हा कागद आज वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही करून पुरा केला.

धुळे, शुक्रवार, ता. ५ मार्च १९९९

(सही) शेवंताबाई हिलाल शिंपी

साक्षीदार:
१. (सही) रतिलाल गौतमचंद जैन, क्लासचालक
२. (सही) ताईबाई कौतिक पाटील, शेजारीण