खिळा एकच

बर्लिन, रविवार, संध्याकाळ

आत्ताच पप्पांचा व्हिडिओ कॉल झाला. माझ्यामागच्या भिंतीवरचा फोटो बघून म्हणाले, "हा कोण गं? चार वर्षं लटकवलायस."

म्हटलं, माझी पीएचडी ज्याच्यावर आहे, तो. दीडशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन वकील. गुलामगिरीतून पळालेल्या एका बाईला त्याने कोर्टात सोडवलं. मग गुलामगिरीविरुद्धच्या यादवी युद्धात लढला, पायात गोळी घेऊन परतला. पुढे निवडून आला आणि काळ्यांना मताचा हक्क नको, म्हणून हात वर केला.

"आणि हा भिंतीवर? आपल्याकडे तिथे बुद्ध असतात."

"अहो पप्पा, घरमालकीण एकच खिळा ठोकू देते. काम करताना तो सोबत लागतो."

"आणि त्या बाईचा फोटो?"

तिचा फोटोच नाही. कोर्टाच्या कागदावर सहीच्या जागी एक फुली आहे, बस.

"म्हणजे माझ्या आईचा अंगठाच की," म्हणाले आणि जेवायला उठले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं का? मी त्याच्या पायातल्या गोळीला अख्खं प्रकरण दिलंय. तिला एक तळटीप. गाइडनेही कधी विचारलं नाही, मीही नाही.

आत्ता त्याला उतरवून त्या कागदाची झेरॉक्स लावली. खिळा तोच. फुली जरा तिरकी आहे, घाईत काढल्यासारखी.

शुक्रवारी प्रबंध द्यायचाय. शीर्षकात नाव त्याचंच आहे.