उन्हाळ्याची माणसं

चैत्र वद्य पंचमी, मंगळवार. पेडगाव.

आज रानात मेंढरं बसली. दर उन्हाळ्याला तोच म्हाळू धनगर येतो. लेंडीखत आमाला, ज्वारी त्याला. यंदा बायकू ठकू संगं न्हाई. चूल त्यानंच मांडली, दगडं वाकडी.

"ठकू कुठं हाय रे?"

"पावसात खोकला लय वाढला, अक्का. निजामाच्या हद्दीवर जकात घेत्यात त्या करोडगिरी नाक्याच्या अलीकडंच मूठमाती दिली."

गेल्या मिरगाला हीच ठकू माझ्या दारात म्हणली होती, "चार म्हैने गोठ्यात पडून ऱ्हाते, अक्का. चालवत न्हाई." आन मी काय म्हणले? तुमी उन्हाळ्याची माणसं, पाऊस आला की वाटंला लागायचं. गोठा रिकामाच होता. रिकामाच.

सांजच्याला हैदराबादला शिकलेले धाकटे भाऊजी सांगायले होते, इंग्रजीत उन्हाळ्यापुरतं ऱ्हाणाऱ्याला येगळा शब्दच हाय. मी म्हणले, गप जेवा.

म्हाळूनं त्या गोठ्याचं नावबी काढलं न्हाई. ठकूनं त्याला सांगितलंच नसंल का? ज्वारी मापताना मी दोन पायल्या जास्ती घातल्या. त्यानं परत काढून ठिवल्या.

"कशाला, अक्का? यंदा एक तोंड कमी हाय."