जेनिफर वेगळी होते

स्ट्रॉमनेस, ऑर्कनी
५ ऑक्टोबर १९७४

ती. मॉर्वेना मावशीस,
केरेनचा शि. सा. न. वि. वि.

मी धडधाकट आहे, सायकलचं मागचं चाक तेवढं गेलं. ते दुरुस्त करणाऱ्या बाईच्या भिंतीवर तुझा फोटो. तिचं विक्काचं, म्हणजे आपल्या चेटकीण-पंथाचं, मंडळ तुझ्याच पुस्तकावरून चालतं. मी भाची म्हटल्यावर मजुरी घेईना, वर मासे खाऊ घातले. इथले मासे म्हणजे... जाऊ दे, मुद्द्याचं लिहिते.

तुझ्या लाडक्या शिष्यिणीचं, जेनिफरचं पत्र आलं. तुमच्या वर्तुळात तेराच्या वर माणसं झाली, म्हणजे रीतीप्रमाणे तिनं निम्मी घेऊन वेगळं व्हायचं, पुजारीण व्हायचं. पण ती अडलीय. नवं मंडळ पायावर उभं राहीपर्यंत जुन्या पुजारिणीशी, म्हणजे तुझ्याशी, बोलायचं नाही, आणि तुमचं तर कुंपणाला कुंपण. तुझे गुडघे, तुझी शेगडी कोण बघणार, म्हणते. तुला सांगू नको म्हणालीय, म्हणून सांगतेय.

लोभ आहेच, थोडा वाढवलास तर नको म्हणणार नाही.

तुझी भटकी,
केरेन


ट्रेव्हीन, कॉर्नवॉल
२० नोव्हेंबर १९७४

चि. केरेन हिस अ. उ. आ.

चोंबडे, तुझ्या पोटात काही राहत नाही हे एकदाचं उपयोगी पडलं. जेनिफरला चांगलं झापलं. पन्नाशीची झालीस, म्हटलं, माझ्या शेगडीपायी जन्मभर शिष्यीणच राहणार का? तर म्हणाली, "बाई, तुम्ही घरात पडलात तर मला कळणार कसं?"

तरी ऑक्टोबर सरताना, पितरांच्या रात्री, तिला निरोप दिलाच. सहा जणं तिच्यामागून वर्तुळाबाहेर पडली. दुसऱ्या दिवशी माझ्या पुजारीणपणाच्या मांडीच्या पट्ट्यावर नव्या मंडळाचं बक्कल शिवलं, दर मंडळामागे एक. आता तीन झाली, पट्टा जड झालाय. शेगडी मीच पेटवते. घरभर धूर होतो, पण पेटते.

गेल्या सोमवारी ती कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. रीतीप्रमाणे दोघींनी पाठी फिरवल्या. मी आपलं चंद्राचं गाणं गुणगुणत होते, तर पुढची ओळच आठवेना. पलीकडून ती ओळ आली, हळूच, जेनिफरच्या आवाजात.

बोलायचं नाही अशी रीत आहे. गाण्याबद्दल कुणी काही ठरवलेलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी मी अंगणात जाऊन ती ओळ विसरते.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून नाही, पण अधूनमधून बघत असलेली,
मावशी