नांवावरचें टिंब

॥ श्री ॥

मु. पो. गव्हाण, ता. पनवेल
९ डिसेंबर १९६२

चि. हौसा हिस,

काशीराम जोमा घरत याचे अनेक उत्तम आशीर्वाद. येथील सर्व क्षेम असून तुझें क्षेम वेळोवेळीं कळवीत जावें.

तुझें पत्र पोहोंचलें. हायस्कुलांतील निबंधस्पर्धेंत तुझा निबंध पहिला आला व त्याचें बक्षीस प्रजासत्ताकदिनीं मिळणार, हें वाचून समाधान झालें. नववींतील मुलीनें अकरावीच्या मुलांस मागें टाकावें ही लहान गोष्ट नव्हे. तुझ्या आईनें तें पत्र माझ्याकडून पुन्हां पुन्हां वाचून घेतलें. शेवटीं मी म्हटलें कीं, भामा, मजकूर तोच आहे, वाचल्यानें बदलत नाहीं. त्यावर ती म्हणाली कीं, आबा, मजकूर तोच हाय, पन आयकाया बरा वाटतो. तुझ्या वडिलांनीं, म्हणजे चि. महादेवानें, मिठागराचे बांध घालून पुरे केले आहेत. वाल यंदा चांगले आले आहेत.

आतां मुद्द्याची गोष्ट. तुझ्या पत्रांत 'नाहीं', 'कांहीं', 'घरीं', 'पुस्तकें' या शब्दांवरील एकही अनुस्वार जागेवर नाहीं. कोंबडीनें अंगणांतील दाणे टिपावे तशीं सर्व टिंबें कोणी टिपून नेलीं आहेत. प्रथम मला वाटलें कीं, टांक बिघडला असेल. परंतु वेलांट्या ठीक आहेत, उकार ठीक आहेत. म्हणजे ही चूक टांकाची नसून तुझी आहे. तुझें पत्र तांबड्या शाईनें दुरुस्त करून सोबत परत पाठवीत आहें.

सातवीनंतर तुला पनवेलीस तुझ्या आत्याकडे ठेविलें, तेव्हां चावडीवर आपल्या गांवच्या दाजीनें मला सर्वांदेखत विचारलें होतें कीं, काशीराम, नातीला काय मामलेदार करतोस? मी उत्तर दिलें कीं, मामलेदार होवो न होवो, माझी नात असें शुद्ध मराठी लिहील कीं, पनवेलच्या वकिलासही त्यांत बोट ठेवतां येणार नाहीं. त्या शब्दावर तूं तेथें आहेस. शुद्ध लिहिणेंच तेथें सुटत असेल, तर मॅट्रिकपर्यंत वाट पाहण्यांत अर्थ नाहीं. घरीं यावें हें बरें. पुढील पत्रावरून मी काय तें ठरवीन.

चि. ठमा व कमळाकरराव यांस आशीर्वाद. पत्राची वाट पाहणारें माणूस घरांत एकच नाहीं, हें ध्यानांत असावें.

तुझा आजा,
काशीराम जोमा घरत

॥ श्री ॥

पनवेल
१६ डिसेंबर १९६२

ती. आजोबांच्या चरणी,

हौसाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपण दुरुस्त केलेले पत्र मिळाले. आत्याने ते हातात घेऊन पाहिले आणि म्हणाली की, अगो, पत्राला गोवर आलाय. मी हसले नाही. आतोबा मात्र हसले.

आजोबा, त्या चुका नाहीत. साहित्य महामंडळाने यंदा शुद्धलेखनाचे नवे नियम केले आहेत आणि सरकारनेही ते मान्य केले आहेत, असे आमचे मराठीचे वर्तक सर यांनी वर्गात सांगितले. जो अनुस्वार उच्चारात येत नाही, तो लिहायचा नाही. 'आंबा', 'चिंच' यांवरचा राहतो, कारण तो ऐकू येतो. 'नाही'वरचा ऐकू येत नाही, म्हणून गेला. निबंधही सरांनी याच नियमांप्रमाणे तपासले. आपण शिकवलेले मी विसरलेले नाही. उलट, काय काय गाळायचे ते वर्गात मलाच सर्वांत आधी कळले, कारण कुठे काय होते ते मला पाठ होते.

शाळेत सध्या फार गडबड आहे. लंगडीत आमच्या मुलींनी उरणच्या संघाला हरवले. आपल्या गव्हाणचीच रंभा कर्णधार होती. उरणच्या मुली म्हणत होत्या की, ही एका पायावर चिखलात चालायला शिकलेली दिसते. रंभाने सांगितले की, तुमी या एकदा आमच्या खाडीत, मग दोन पायांवर तरी उभ्या ऱ्हावा. आमचा वर्ग जवानांसाठी लोकरीचे गळपट्टे विणतो आहे. माझा इतका लांब झाला की, बाई म्हणाल्या, हा दोघा जवानांनी मिळून वापरावा. शाळेचे हस्तलिखितही निघते आहे. त्याच्या पहिल्या पानावर संपादक म्हणून माझे नाव आहे.

मला मॅट्रिक होऊ द्या, आजोबा. आणखी काही मागत नाही. आईला सांगा की, मी पोटभर जेवते.

आपल्या रागातही मायाच असते, ती तशीच राहू द्यावी.

आपली,
हौसा

॥ श्री ॥

गव्हाण
२३ डिसेंबर १९६२

चि. हौसा हिस अनेक आशीर्वाद.

तुझें पत्र वाचलें. हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर तुझें 'नाव' आहे असें तूं लिहितेस. नाव म्हणजे होडी. आपल्या घरची नाव तुझ्या वडिलांनीं डांबर लावून खाडीच्या कांठीं उलटी घातली आहे. ती मी आज सकाळींच पाहिली. ती उठून पनवेलच्या हायस्कुलांत केव्हां गेली, तें कळवावें. तुला 'नांव' म्हणावयाचें असेल, तर त्यावर टिंब लागतें. एका टिंबावांचून माणसाची होडी होते, हें तुझ्या सरांस सांग.

मी चौथीपर्यंत शिकलों. तूं माझ्या पुष्कळ पुढें गेली आहेस, हें मी जाणतों. परंतु आपल्या गांवांत जन्मलेलें मूल 'नाय' म्हणत मोठें होतें. त्या 'नाय'चें 'नाहीं' करण्यासाठीं मी मास्तरांच्या छड्या खाल्ल्या आहेत. घरीं 'नाहीं' म्हटलें तर भावंडें हंसत, शाळेंत 'नाय' म्हटलें तर मास्तर मारीत. चावडीवर आजही मला पाठीमागें 'टिंबशेट' म्हणतात, तें मी ऐकून न ऐकल्यासारखें करतों. त्या चार वर्षांत मी जें मिळविलें तें एक 'ह' आणि एक टिंब. त्यांतील टिंब आतां कोणी काढून घेत असेल, तर माझ्यापाशीं राहिलें काय?

अनुस्वार ऐकूं येत नाहीं म्हणून लिहूं नये, असें तूं म्हणतेस. आपण मिठाचीं माणसें. कालवणांत घातलेलें मीठ कोणास दिसतें काय? दिसत नाहीं म्हणून घालावयाचें नाहीं काय? अनुस्वार म्हणजे भाषेचें मीठ होय. हें उदाहरण मी तुझ्या आईसही सांगितलें.

तेव्हां मीं ठरविलें तें असें. शाळा सोडल्याचा दाखला काढण्याविषयीं कमळाकररावांस लिहिलें आहे. बक्षीससमारंभास मी व तुझी आई येऊं. बक्षीस ताठ मानेनें घ्यावें आणि आमच्याबरोबर घरीं यावें. बक्षीस मिळवून परत येणाऱ्या मुलीस कोणी नांवें ठेवणार नाहीं. (नांवें. होड्या नव्हे.)

माझा शब्द कडू लागला तरी तो तुझ्या हिताचा समजावा.

काशीराम जोमा घरत

॥ श्री ॥

पनवेल
४ जानेवारी १९६३

ती. आबांस,

आपला जावई कमळाकर याचा सा. नमस्कार. वि. वि.

आपल्या आज्ञेप्रमाणे हेडमास्तरांच्या नावे दिलेले आपले पत्र घेऊन हायस्कुलात जाऊन आलो. हेडमास्तरांनी ते उभ्यानेच वाचायला घेतले, मग खाली बसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचले. नंतर वर्तक सरांना बोलावून त्यांच्या हाती दिले. मला वाटले, आता दोघे हसतील. हसले नाहीत. वर्तक सर म्हणाले की, असे वळणदार अक्षर हल्ली दिसत नाही आणि पत्रात शोधूनही चूक सापडत नाही. हेडमास्तर म्हणाले की, पालकच इतके बारकाईने वाचू लागले तर आम्हा मास्तरांचे कठीण आहे. दाखला ते सव्वीस जानेवारीला तयार ठेवणार आहेत. त्यांची विनंती एवढीच की, मुलीचा निबंध व्हरांड्यातल्या फळ्यावर लावलेला असेल, तो आधी वाचावा, मग दाखला मागावा.

माझे मत आपण विचारलेले नाही, म्हणून ते देत नाही. पण ठमा माझ्याशी बोलेनाशी झाली आहे. जणू ते नियम मीच केले आणि दाखलाही मीच मागितला. हौसा रडत वगैरे नाही. हस्तलिखिताचे काम रंभाला समजावून देते आहे. तेच मला बरे दिसत नाही.

येताना होडीने यावे, होडी लागते त्या उतारावर मी उभा राहीन. आपल्या घरचा जावई म्हणून जो मान देता, त्यातला थोडा या पत्रानंतरही शिल्लक ठेवावा.

आपला,
कमळाकर

॥ श्री ॥

पनवेल
३० जानेवारी १९६३

ती. आजोबांच्या चरणी हौसाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

आपण आणि आई सुखरूप पोहोचलात ना? त्या दिवशी लंगडीचे प्रात्यक्षिक होते, म्हणून मी रंभाबरोबर मैदानावर होते. तिथून मला आपण दोघे व्हरांड्यात फळ्यापाशी दिसत होता. आपण चष्मा लावून वाचत होता आणि आई शेजारी उभी होती. खूप वेळ उभे होता. मी एकदा तोल जाऊन पडले तेही तुम्ही पाहिले नाही.

मग बक्षीस झाले. आईने मला जवळ घेतले. आपण डोक्यावर हात ठेवलात, पण घरी चल असे म्हणाला नाहीत. हेडमास्तर दाखला खिशात घेऊन आपल्याला शोधत होते, तोवर भरती उतरायला लागली म्हणून आपण होडीत बसलात. माझी ट्रंक आत्याच्या ओसरीवर भरून ठेवलेली होती. ती कोणी उचलली नाही.

आत्या म्हणते की, विचारू नकोस, विसरले असतील तर आठवण होईल. आतोबा म्हणतात की, तुझे आजोबा टिंब विसरत नाहीत, ते ट्रंक विसरतील होय? म्हणून मीच विचारते. वर्गात बसते, पण पुस्तके ट्रंकेतून काढलेली नाहीत, शेजारणीच्या पुस्तकात पाहते. ट्रंक उघडू की नको, एवढेच कळवावे. जे सांगाल ते करीन.

उत्तर येईपर्यंत आपली,
हौसा

॥ श्री ॥

गव्हाण
५ फेब्रुवारी १९६३

चि. हौसा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

ट्रंक उघडावी.

आतां कारण सांगतों. तें न सांगतां आज्ञा करणें मला शोभलें असतें, परंतु तूं विचारलेंस तें सरळ विचारलेंस, तेव्हां उत्तरही सरळ दिलें पाहिजे.

तुझा मिठागरावरील निबंध मी फळ्यावर प्रथम मनांत वाचला. चुका शोधण्याच्या हेतूनेंच वाचला, हें लपवीत नाहीं. टिंबांवांचून दुसरी चूक मिळाली नाहीं. इतक्यांत तुझी आई म्हणाली कीं, आबा, मनापन आयकाया वाचून दावा. तेव्हां मोठ्यानें वाचूं लागलों. आजूबाजूस आणखी पालक जमले. तूं एके ठिकाणीं लिहिलें आहेस: 'मिठागरात येते ते पाणी समुद्राचे असते, उडून जाते ते सूर्याचे होते, आणि मागे जे राहते ते आईच्या पायांना ठाऊक असते.' हें वाक्य तुझ्याच लेखनाप्रमाणें उतरलें आहे. लेखणी अडखळली, तरी उतरलें. तें वाचतांना तुझ्या आईनें मिठानें भेगाळलेले पाय लुगड्याखालीं ओढून घेतले.

वाचून झालें तेव्हां मी तिला हळूंच म्हटलें कीं, निबंध चांगला आहे, परंतु एकही टिंब नाहीं. ती म्हणाली कीं, आबा, तुमी बोललांव का टिंब म्हंजे मीठ. मिठाबिगार कालवन पयल्या घासाला कलतं. तुमी पुरा निबंद वाचलांव, मना तं कुटं अलनी लागला नाय.

शेजारीं उभा असलेला एक गृहस्थ हंसला. मला हंसूं आलें नाहीं. मी तसाच होडींत जाऊन बसलों. घरीं आल्यावर, कोणी नाहीं असें पाहून, माझेंच एक जुनें पत्र मोठ्यानें वाचलें. 'नाहीं' टिंब धरून वाचलें, मग तेंच टिंब सोडून वाचलें. कानाला भेद कळला नाहीं. ज्याचें मी इतकीं वर्षें रक्षण केलें, तें माझ्या तोंडांतून कधीं बाहेरच पडलें नव्हतें. तुझी आई माझीं सर्व पत्रें, तुझींही सर्व पत्रें, कानांनींच वाचीत आली आहे. या बाबतींत तिच्या कानापुढें माझें बोलणें चालणार नाहीं.

तेव्हां तूं मॅट्रिक होईपर्यंत तेथेंच राहावें. आपल्या शाळेच्या नियमाप्रमाणें लिहावें. मी मात्र माझीं टिंबें शेवटपर्यंत घालीत राहीन. तीं मी मार खाऊन मिळविलेलीं आहेत. मात्र माझ्या 'ह'ला कोणीं हात लावूं नये. तसा नियम निघाल्यास मी स्वतः मुंबईस जाईन. दाजीस मी चावडीवर सांगितलें कीं, नात नव्या पद्धतीनें लिहिते व ती पद्धत सरकारमान्य आहे. त्यानें विचारलें कीं, मग टिंबशेट, आतां तुमचं काय?

तूं मैदानावर पडलीस तें मी पाहिलें होतें. उठलीस तेंही पाहिलें. हेडमास्तरांस माझा नमस्कार सांगून दाखला रद्द करण्यास सांगावें. पूर्वींइतकीच माया आहे. मोजून पाहूं नये.

तुझा आजा,
काशीराम जोमा घरत

॥ श्री ॥

गव्हाण
३१ मार्च १९६३

चि. हौसा हिस अनेक आशीर्वाद.

परीक्षेच्या दिवसांत जास्त लिहून तुझा वेळ घेत नाहीं. एकच बातमी आहे. पनवेलीहून आल्यापासून तुझ्या आईनें पाटी धरली आहे. मीठ ओढून झालें कीं, सायंकाळीं ओट्यावर येऊन बसते. मी प्रथम 'नाव' काढून दिलें व होडी दाखविली. मग 'नांव' काढून दिलें. ती म्हणाली कीं, आबा, दोनी एकच तं हाय, दोनदा कशाला गिरवू? मी टिंब दाखविलें. तिनें तें बोटानें पुसलें व माझ्याकडे पाहिलें. मी पुढच्या अक्षराकडे वळलों.

खालीं तिनें स्वतः लिहिलें आहे. माझी तांबड्या शाईची दौत फडताळांत आहे. तुझें पत्र मी परत पाठविलें होतें, तसें हें तूं परत पाठवूं नयेस.

काशीराम जोमा घरत

हौसा
मी भामा तुजी आय
परीकशा दे घाबरु नको
हितं समदी बरी हाव
सगल्यात आदी मी तुजं नाव लिवाया सिकले